फुकट आहे, पण कुणाचं आहे?

मागच्या आषाढात आम्ही चौघांनी मिळून सात मिनिटांची एक फिल्म केली. पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात तेव्हा नाना पेठेत वारकऱ्यांच्या तुटलेल्या चपला एकही पैसा न घेता शिवून देणारे एक काका बसतात, त्यांच्यावर. शूट मोबाइलवर, ट्रायपॉड उसना, चहा काकांकडूनच. दोन दिवसांचं शूट आणि नऊ रात्रींचं एडिट. शेवटच्या दीड मिनिटात कुणीच काही बोलत नाही. नुसते काकांचे हात, सुई-दोरा, समोर पायांची रांग आणि मागे तुकोबांचा अभंग. वर्गात दाखवली तेव्हा आमचे सर चष्मा पुसत होते. ते फिल्ममुळेच, असं आम्ही धरून चाललोय.

मग ती एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला पाठवायची ठरली. लिंक द्यायची म्हणून अपलोड केली आणि दहाच मिनिटांत मेल आला: तुमच्या व्हिडिओतल्या ऑडिओवर हक्कधारकाचा दावा आहे. शेवटचं दीड मिनिट मुकं झालं. डेडलाइन रात्री बाराची, तेव्हा वाजले होते साडेदहा. आम्ही तशीच पाठवली आणि खाली लिहिलं, ‘आवाज ऐकायचा असेल तर ड्राइव्हची लिंक बघा.’ चार दिवसांनी आयोजकांचं दोन ओळींचं उत्तर आलं. हक्क नसलेलं संगीत वापरल्यामुळे प्रवेशिका बाद.

“तुकाराम महाराजांवर कुणाचा कॉपीराइट असतो रे?” आमचा एडिटर तावातावाने म्हणाला. आम्हा सगळ्यांना ते शंभर टक्के पटलं. पण चूक आमचीच होती, आणि ती नेमकी कुठे होती हे कळायला मला पुढचे दोन महिने लागले. हे दोन महिने तुमचे वाचावेत म्हणून हा लेख.

तुकोबांचे शब्द सतराव्या शतकातले. त्यांच्यावर कुणाचाही हक्क नाही, हे एडिटरचं म्हणणं बरोबरच. पण आम्ही वापरलं होतं ते एका गायकाचं रेकॉर्डिंग. ते कुणीतरी स्टुडिओत बसून, वादकांना पैसे देऊन तयार केलं होतं आणि त्याचा हक्क रेकॉर्ड कंपनीकडे होता. एका गाण्यात तीन वेगवेगळे हक्क असतात: शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यानुसार शब्दांचा आणि चालीचा हक्क त्या माणसाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. रेकॉर्डिंगचा हक्क ते प्रकाशित झाल्यापासून ६० वर्षं.

म्हणून ‘जुनं आहे, चालतंय’ हा आपला आवडता युक्तिवाद फार ठिकाणी आपटतो. ‘गीतरामायण’ घ्या. पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झालं १९५५ साली, म्हणजे आपल्या आजोबांच्या काळात. पण गदिमा गेले १९७७ ला, त्यामुळे शब्दांचा हक्क २०३७ अखेरपर्यंत आहे. बाबूजी, म्हणजे सुधीर फडके, गेले २००२ ला. चालीचा हक्क थेट २०६२ अखेरपर्यंत. तुम्हाला कितीही जुनी, खरखरणारी रेकॉर्ड सापडली तरी हिशेब बदलत नाही. उलट साने गुरुजी १९५० ला गेले, त्यामुळे त्यांचं लेखन २०११ पासून सगळ्यांसाठी खुलं आहे. ‘श्यामची आई’मधल्या एखाद्या प्रसंगावर तुम्ही आज ऑडिओ नाटक करू शकता, कुणाची परवानगी न घेता. गुरुजींचं नाव मात्र द्यायचंच.

आता मुद्द्यावर येते. आपली पिढी ‘फ्री’ हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरते. मराठीत त्यासाठी दोन शब्द आहेत, फुकट आणि मुक्त. फुकट म्हणजे बघायला, ऐकायला, उतरवून घ्यायला पैसे पडत नाहीत. मुक्त म्हणजे ते घेऊन त्यात बदल करायला, आपल्या कामात वापरायला, पुढे वाटायला मालकाने आधीच परवानगी देऊन ठेवलीये. नेटवर फुकट गोष्टी समुद्राएवढ्या आहेत. मुक्त गोष्टी त्यामानाने कमी, तरी आपल्या सगळ्या कॉलेजांना पुरून उरतील इतक्या. आपण समुद्रात हात घालतो आणि मासा कुणाच्या जाळ्यातला आहे ते बघत नाही.

परवानगी आधीच देऊन ठेवायची सगळ्यात रुळलेली पद्धत म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स परवाने. २००२ पासून ते वापरात आहेत. फोटोखाली किंवा व्हिडिओच्या माहितीत ‘सीसी’ आणि पुढे काही अक्षरं दिसतात ना, तेच हे. नुसतं ‘बीवाय’ असेल तर नाव द्या आणि खुशाल वापरा. ‘एसए’ असेल तर तुम्ही जे बनवाल तेही त्याच अटीवर लोकांना द्यायचं. ‘एनसी’ म्हणजे धंद्यासाठी नाही. चॅनल मॉनेटाइज केलेला असेल तर इथे सांभाळा, कारण आज हौस म्हणून केलेला व्हिडिओ उद्या जाहिराती दाखवायला लागतो. ‘एनडी’ म्हणजे बदल करायचा नाही, जसं आहे तसं वापरायचं. कापाकापी, डबिंग बंद. आणि ‘सीसी झीरो’ म्हणजे मालकाने सगळे हक्क सोडून दिलेत. एवढं पाठ झालं की पुष्कळ झालं. परीक्षेसाठी आपण याच्या दसपट निरर्थक गोष्टी पाठ करतो.

शोधायचं कसं, तर गूगलच्या इमेज सर्चमध्ये टूल्स उघडलं की वापराच्या हक्कांचा पर्याय येतो, तिथे क्रिएटिव्ह कॉमन्स निवडायचं. यूट्यूबच्या फिल्टरमध्येही तो आहे. फोटोंसाठी विकिमीडिया कॉमन्स, आवाजांसाठी फ्रीसाउंड, पार्श्वसंगीतासाठी यूट्यूबची ऑडिओ लायब्ररी. प्रत्येक फाइलच्या शेजारी अट लिहिलेली असते. ऑडिओ लायब्ररीतल्याही काही ट्रॅकना नाव द्यावं लागतं, ती ओळ तिथेच तयार मिळते, नुसती कॉपी करायची. एआय चॅटबॉटला ‘कॉपीराइट नसलेलं संगीत सांग’ म्हटलं तर तो अतिशय ठामपणे काहीही सांगतो. त्याच्या भरवशावर राहू नका, परवान्याचं पान स्वतः उघडा.

काही दंतकथाही इथेच निकालात काढूया, कारण आमच्या ग्रुपमध्ये त्या सगळ्या होत्या. ‘तीस सेकंदांपर्यंत चालतं.’ असा नियम आपल्या कायद्यात नाही. ‘खाली क्रेडिट दिलं की झालं.’ क्रेडिट देणं वेगळं, परवानगी असणं वेगळं. शेजाऱ्याची गाडी न विचारता नेली आणि काचेवर त्याचं नाव चिकटवलं, तर शेजारी काय म्हणेल? ‘डिस्क्रिप्शनमध्ये हक्कभंगाचा हेतू नाही असं लिहायचं.’ हे तर मला फार गोड वाटतं. हेतू नव्हता हे लिहिण्याएवढी जाणीव होती, म्हणजे हेतू होताच की.

याचा अर्थ कायदा विद्यार्थ्यांच्या मुळावर उठलाय असं समजू नका. स्वतःचा अभ्यास, संशोधन, समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन यासाठी वाजवी वापराची मुभा याच कायद्याच्या ५२ व्या कलमात आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या एका झेरॉक्सच्या दुकानावर २०१२ साली ऑक्सफर्ड, केंब्रिजसारख्या बड्या प्रकाशकांनी दावा ठोकला होता. पुस्तकांतली प्रकरणं एकत्र करून तिथे अभ्यासाचे संच मिळायचे. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिकवण्यासाठीच्या अशा प्रतींना कायद्यात जागा आहे असं म्हटलं आणि पुढच्या वर्षी प्रकाशकांनी दावा मागे घेतला. म्हणजे वर्गासाठी, अभ्यासासाठी आपल्याला बरीच जागा आहे. वर्गाबाहेर पडून जगासमोर, स्पर्धेत, चॅनलवर काही मांडतो तेव्हा ती जागा अरुंद होते. आमची फिल्म वर्गात चालली आणि स्पर्धेत पडली, यात तसं आश्चर्य काहीच नव्हतं.

फुकटाची दुसरी गोष्ट शिकण्याची. माझ्या एका मैत्रिणीने सुट्टीत घरून बारा हजार आणून व्हिडिओ एडिटिंगचा ऑनलाइन कोर्स लावला. सोयाबीनच्या पैशांतले बारा हजार. कोर्सवाल्यांनी पहिल्या आठवड्यात जे शिकवलं, ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्याच साइटवर फुकट पडलेलं होतं आणि तिथे जास्त नीट होतं. शेवटी एक रंगीत सर्टिफिकेट आलं, त्यावर तिचं आडनाव चुकलंय. अशा जाहिरातींना आपण भुलतो त्याचं कारण मला वाटतं असं, की पैसे भरले की आता शिकणं होईलच असा भरवसा वाटतो. फुकटच्या कोर्सला तो भरवसा नसतो. सोमवारी उत्साहाने नाव घालतो, पुढच्या सोमवारी लॉगइनसुद्धा आठवत नाही.

यावर मला उपयोगी पडलं ते एनपीटेल. आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएससीने २००३ मध्ये सुरू केलेला हा उपक्रम, आता स्वयंम पोर्टलवरही आहे. लोकांना वाटतं तो फक्त इंजिनीअरांसाठी. तसं नाही, भाषा, मानसशास्त्र, सिनेमा असे विषयही तिथे असतात. नाव घालायला, व्हिडिओ बघायला पैसे नाहीत. परीक्षा देऊन सर्टिफिकेट हवं असेल तरच फी. पण खरी गंमत त्याच्या आठवड्याच्या असाइनमेंटमध्ये आहे. तारीख असते, ती चुकली की चुकली. शेवटच्या गुणांत २५ टक्के असाइनमेंट, ७५ टक्के परीक्षा. आणि परीक्षा घरबसल्या नाही, केंद्रावर जाऊन द्यायची. त्या धाकाने मी आयुष्यात पहिल्यांदा एक ऑनलाइन कोर्स पूर्ण केला. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातल्या विषयांपैकी ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक स्वयंमवरून घेता येतात, पण तुमच्या कॉलेजने तशी सोय केलेली हवी. ऑफिसात जाऊन विचारा. पहिल्या खिडकीवर ‘असलं काही नसतं’ असं उत्तर मिळेल, तरी प्राचार्यांना अर्ज द्या.

इंग्रजीचा धसका असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरिअलपासून सुरुवात करा. दहा-दहा मिनिटांचे धडे, त्यातले बरेच मराठीत डब केलेले. आवाज जरा सरकारी वाटतो, पण ऐकत ऐकत शेजारी तेच करून बघायचं ही त्यांची पद्धत एकदम पक्की आहे. इंकस्केप, गिंप, ब्लेंडर अशी मुक्त सॉफ्टवेअर त्यातून शिकता येतात. जे शिकता ते सॉफ्टवेअर कायदेशीररीत्या तुमच्या लॅपटॉपवर असू शकतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आमच्या होस्टेलमध्ये एडिटिंगचं क्रॅक व्हर्जन पेनड्राइव्हवरून खोल्याखोल्यांत फिरायचं. त्याबरोबर व्हायरसही फिरले आणि एकीचा सेमिस्टरचा सगळा प्रोजेक्ट गेला. ‘इंडस्ट्रीत चालतं तेच शिकायला हवं’ असं सगळे सांगतात. २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालेली लॅटव्हियाची ‘फ्लो’ ही फिल्म ब्लेंडरमध्ये बनलीये. तेच ब्लेंडर, जे आत्ता या क्षणी तुम्ही फुकट उतरवून घेऊ शकता. अर्थात चालणारा लॅपटॉप हवा, ही अडचण मी नाकारत नाही. माझा अजूनही रेंडर करताना इस्त्रीसारखा तापतो.

आणि डेटा. रोजच्या दीड जीबीत लेक्चर बघायचे की रील, हा प्रश्न रात्री अकरा वाजता कुणाचाच सुटत नाही. एनपीटेलचे व्हिडिओ उतरवून ठेवता येतात. कॉलेजच्या लायब्ररीतल्या वायफायवर आठवड्याचा साठा करून घ्या. लायब्ररीत जायला तेवढंच निमित्त.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी थोडं वेगळं सांगायचंय. पोस्टर, थंबनेल करताना आपण पायरेटेड फाँटच्या झिपा शोधतो आणि मग त्यात ‘ऱ्य’ तुटतो, जोडाक्षरं फुटतात. मुंबईच्या एक टाइप या फाँट बनवणाऱ्या गटाने केलेले ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ हे फाँट गूगल फाँट्सवर मुक्त परवान्यात आहेत. छापा, विका, लोगोत वापरा. ‘तिरो देवनागरी मराठी’ नावाचा आणखी एक आहे, त्यात ‘ल’ आणि ‘श’ आपल्या मराठी वळणाचे आहेत, हिंदी वळणाचे नाहीत. एकदा फरक दिसला की नंतर होर्डिंग बघवत नाहीत, हा तोटा मान्य करा. शब्दांसाठी मोल्सवर्थचा १८५७ चा कोश आणि दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’, दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या साइटवर शोधता येतात. मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे. डॉ. आंबेडकरांच्या लेखन-भाषणांचे इंग्रजी खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहेत. शोधगंगावर पीएचडीचे प्रबंध आहेत, मराठीतलेही. तुमच्या तालुक्यातल्या बोलीवर, जत्रेवर, लोकगीतांवर कुणीतरी पाच वर्षं घालवून लिहिलेलं तिथे पडून असतं. रीलसाठी विषय सुचत नाही म्हणणाऱ्यांनी एकदा तिथे डोकवावं.

पण याच शोधात मला एक गोष्ट टोचली. अभंग नाही तर नाही, निदान टाळांचा, वीणेचा, दिंडीच्या गलक्याचा मुक्त आवाज मिळेल म्हणून मी दोन रात्री शोधत होते. पावसाचे हजारो आवाज मिळाले, लंडनच्या रेल्वे स्टेशनचे, जपानच्या देवळातल्या घंटांचे. दिंडीचा, मला हवा तसा, एकही सापडला नाही. लाखो माणसं ज्या वाटेने चालतात, त्यांतल्या निम्म्यांच्या हातात मोबाइल असतो, आणि तरी असं. आपण रेकॉर्ड करतो, स्टेटसला टाकतो, चोवीस तासांत ते जातं. परदेशातल्या कुणीतरी आपल्या गावच्या स्टेशनवर पाच मिनिटं माइक धरला आणि ते सगळ्यांना देऊन टाकलं म्हणून माझ्यासारखीला ते मिळतं. आपल्या बाजूने आपण काय ठेवलंय तिथे? मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे. त्यावर तुमच्या गावाचं पान उघडून बघा. बहुतेक दोन ओळी असतील आणि फोटो नसेल. तो फोटो तुमच्या गॅलरीत आहे.

टाकणं अवघड नाही. विकिमीडिया कॉमन्सवर खातं उघडायचं, स्वतः काढलेला फोटो किंवा स्वतः केलेलं रेकॉर्डिंग चढवायचं, परवाना निवडायचा, मराठीत दोन ओळी माहिती लिहायची: काय, कुठे, कधी. सुरुवातीला मला भीती वाटली की कुणीही घेऊन वापरेल. मग लक्षात आलं, तेच तर हवंय. मात्र सगळंच टाकायचं नाही. ज्यांचे चेहरे आहेत, आवाज आहेत, त्यांना विचारायचं. माझ्या मते इथे आपण सगळ्यात बेफिकीर आहोत. गाण्याच्या कंपनीला आपण घाबरतो, कारण ती व्हिडिओ मुका करू शकते. रस्त्यावरच्या माणसाला न विचारता त्याचा व्हिडिओ टाकतो, कारण तो काहीच करू शकत नाही.

फिल्म आम्ही पुन्हा कापली. स्पर्धा गेली ती गेलीच, पण काकांना पेनड्राइव्हवर द्यायचं कबूल केलं होतं आणि मुकं दीड मिनिट त्यांना कसं द्यायचं? आमच्यातल्या एकीची आजी दर एकादशीला भजनाला जाते. तिच्या स्वयंपाकघरात, फ्रिज बंद करून, खिडकीला चादर लावून, मोबाइलवर तोच अभंग पारंपरिक चालीत रेकॉर्ड केला. तिसऱ्या टेकला कुकरची शिट्टी आलीये, ती आम्ही ठेवली. मग आजीसमोर कागद ठेवला: माझं गायन या फिल्मसाठी आणि मुक्त परवान्यात द्यायला हरकत नाही. “पैसे मिळणारेत का?” आजींनी विचारलं. नाही म्हटलं. “मग कागद कशाला गं?” मी तीन हक्कांचं सगळं पुराण सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सही करताना एकच अट घातली, नावापुढे गावाचं नाव हवं.

शेवटच्या पाटीवर दोन्ही आहेत.